तीन बाजू आणि एक नोकरी

खराडी १९९७ साली पुणे महापालिकेत आली. तोवर ते मुळा-मुठेकाठचे खेडेच होते. आज तिथल्या संगणक-कंपन्यांत सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांच्या मुलाखती होतात. अशा मुलाखतींतला एक जुना प्रश्न आपल्याला वर्गातलाच वाटेल. तीन बाजूंवरून त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज हे सांगणारी आज्ञावली आहे; ती कशी तपासाल?

हा प्रश्न ग्लेनफोर्ड मायर्स यांनी १९७९ साली आपल्या पुस्तकाच्या आरंभीच घातला. आज्ञावली बरोबर चालते हे दाखवणे म्हणजे चाचणी, ही समजूत त्यांना खोडायची होती. चाचणी करायची ती चूक सापडावी म्हणून!

उमेदवार ५, ५, ५ सांगतो, ३, ३, ४ सांगतो आणि थांबतो. नोकरी बहुधा इथेच हुकते. १, २, ३ दिले तर? मग १, ३, २ आणि ३, १, २ सुद्धा द्यायला हवेत, कारण लिहिणाऱ्याने बेरजेची एकच जोडी पाहिली असेल. शून्य? ऋण संख्या? मायर्स यांच्या १४ मुद्द्यांपैकी अनुभवी व्यावसायिकांनाही सरासरी ७.८ च सुचत.

प्रमेय तर सर्वांना पाठ असते. पण आपण फळ्यावर नेहमी जुळणाऱ्याच बाजू देतो. एकदा १, २, ३ सेंमी देऊन पाहावे. कंपासचे दोन्ही कंस पायाच्या रेघेवरच येऊन टेकतात.