समुद्राचे छत

आपण समुद्राकडे किनाऱ्यावरून पाहतो, म्हणून लाटा म्हणजे समुद्राचा पृष्ठभाग असे म्हणतो. पाण्याखालच्या पाणबुडीला मात्र त्या लाटा हे डोक्यावरचे छत असते. आणि छतही कसले! पाण्यातून वर गेलेला आवाज हवेत जवळपास निसटतच नाही. थेट वर गेला तरी हजारातला एखादा भाग बाहेर पडतो, बाकी सारा खाली परततो. पाणी शांत असेल तर हे छत लख्ख आरसा. वारा सुटला की आरशाला सुरकुत्या पडतात आणि आवाज नाही नाही त्या दिशांना विखुरतो.

दुसऱ्या महायुद्धात हे विखुरणे जिवावर बेतणारे होते. जहाजावरून पाण्यात आवाजाचा ठोका सोडायचा आणि पाणबुडीकडून येणाऱ्या प्रतिध्वनीची वाट पाहायची, ही सोनारची रीत. खवळलेल्या समुद्रात लाटांकडून परतणारा गलकाच इतका, की वरच्या थरात दडलेल्या पाणबुडीचा क्षीण प्रतिध्वनी त्यात बुडून जाई. कान देऊन बसलेल्या त्या विशीतल्या नाविकाने तो ओळखायचा कसा? आणि जहाजावरच्या सगळ्यांचे प्राण तर त्याच्या कानांवर.

अमेरिकेत सॅन दिएगो येथे शास्त्रज्ञ या गलक्याची मोजमापे घेऊ लागले. (त्याच उद्योगात १९४२ साली आवाज परतवणारा एक खोल थर सापडला आणि तो पुढे सजीवांचा निघाला. ती कथा पुन्हा केव्हातरी.) गणिताचा पाया मात्र जुनाच होता. लॉर्ड रॅले यांनी आपल्या ध्वनिशास्त्राच्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, १८९६ च्या खंडात, पन्हळी पृष्ठभागावरून आवाज कसा परततो याचा हिशेब मांडून ठेवला होता. पण पत्र्याच्या पन्हळी एकसारख्या असतात, समुद्राच्या नाहीत. म्हणून १९५३ मध्ये कार्ल एकार्ट यांनी एकेका लाटेचा नाद सोडून लाटांच्या बेशिस्तीचेच संख्याशास्त्र हाताशी धरले. मला यातले हेच फार शहाणपणाचे वाटते.

समुद्र खडबडीत की गुळगुळीत, हे ऐकणाऱ्यावर ठरते. युद्धातील सोनार पुष्कळदा २४,००० हर्ट्झचे असे. त्या आवाजाची तरंगलांबी जेमतेम ६ सेंटिमीटर. अर्ध्या मीटरची लाट म्हणजे त्याला डोंगरच. १०० हर्ट्झच्या खर्ज आवाजाची तरंगलांबी १५ मीटर. तो त्याच लाटेला जुमानत नाही. शिवाय कोनही आहेच. मावळतीच्या तिरप्या उन्हात खडबडीत डांबरी रस्ताही चकाकतो, तसा तिरपा आवाज लाटांवरूनही बराचसा नीट परततो.

१९६२ साली चॅपमन आणि हॅरिस यांनी समुद्रात स्फोट घडवून परतणारा आवाज मोजला आणि वाऱ्याच्या वेगाशी त्याचे नाते सूत्रात बांधले. पण जोराच्या वाऱ्यात सगळा दोष लाटांच्या आकाराचा नसतो, हे हळूहळू स्पष्ट झाले. फुटणारी लाट पाण्यात हवा कोंबते आणि तिचे बुडबुडे आवाजाबरोबर थरथरू लागतात. २४,००० हर्ट्झच्या त्या ठोक्याला जोमाने साथ देणारा बुडबुडा असतो साधारण पाव मिलिमीटर व्यासाचा.