चाकू, चाकिया आणि सुरतेचे रूमी

सुरी हा शब्द आपला. संस्कृतातल्या 'क्षुरिके'शी त्याचे नाते आहे. आदोळी तर आमच्या गोव्याच्या रांदपाघरातलीच, तिला विळी म्हटले की नारळ किसल्यासारखा वाटत नाही! पण चाकू मात्र परका. हा शब्द मूळचा तुर्की, फारसीचा हात धरून आपल्याकडे आला आणि असा मुरला की त्याचे परकेपण आता कुणाला सांगूनही पटत नाही.

तुर्की भाषेत बिचाक म्हणजे साधी, न मिटणारी सुरी, आणि चाकी म्हणजे मिटून खिशात टाकायची. आपल्या जुन्या पिढीच्या बोलण्यातही थोडाफार हाच भेद होता. सुरी स्वयंपाकघरात असायची, तर बोरू तासायचा, सुपारी किंवा आंबा कापायचा तो मिटता चाकू खिशात किंवा चंचीत. गंमत म्हणजे बोस्निया आणि सर्बियातही मिटत्या चाकूला 'चाकिया' म्हणतात. ऑटोमन तुर्कांनी तिथे काही शतके राज्य केले, त्याची ही खूण. एकच शब्द एका टोकाला सारायेव्होच्या बाजारात आणि दुसऱ्या टोकाला आपल्या पेडण्या-डिचोलीच्या बाजारात!

बाल्कनमध्ये या चाकूला आणखी नावे आहेत. 'कोस्तुरा' किंवा 'कोस्तुरित्सा' हे नाव हाडावरून पडले, कारण 'कोस्त' म्हणजे हाड, आणि मूठ हाडाची किंवा शिंगाची असे. दाल्मेशियाच्या किनाऱ्याकडे 'ब्रित्वा' म्हणतात. वस्तऱ्यालाही तोच शब्द. वापरणारे बहुतेक धनगर आणि शेतकरी. पाव-चीज कापणे, काठी तासणे, द्राक्षवेलीची छाटणी, तंबाखू चिरणे अशी कामे. हे लढाईचे हत्यार नव्हे, तरी विकणारा प्रत्येक जण त्याला 'योद्ध्याचा चाकू' म्हणून विकतो. आपल्याकडे रामपुरीचे असेच झाले. कारागिराची वस्तू, पण हिंदी सिनेमाने तिला गुंडाच्या हातात कायमची देऊन टाकली.

असा चाकू जुना आहे का, कुठला आहे, हे ओळखायचे तर आधी पाते सोडून मूठ बघावी. एकाच शिंगाला चीर पाडून त्यात पाते बसवलेले असेल, मागे स्प्रिंग नसेल आणि पाते केवळ खिळ्याच्या घट्टपणावर उभे राहत असेल, तर तो गावठी घडणीचा असण्याचा संभव जास्त. पात्यावर परदेशी कारखान्याचा छाप असला म्हणून मूठही तिथलीच असे नाही. पाते झिजून अरुंद झालेले असेल तर फार चांगले. वर्षानुवर्षे दगडावर घासल्याशिवाय पाते तसे होत नाही. उलट पितळी नक्षी भरपूर आणि पाते कोरे करकरीत असेल तर जरा थांबावे. 1878 मध्ये बोस्निया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात गेला, त्यानंतर सैनिकांसाठी आणि प्रवाशांसाठी आठवण म्हणून नेण्याच्या सुऱ्या तिथे भरपूर बनल्या. त्या जुन्या आहेत, पण कामाच्या नव्हेत.

आता सुरत. तिथे 'हा रूमीखानाच्या वेळचा तुर्की चाकू' असे कुणी सांगितले तर चटकन हसू नये, आणि चटकन विश्वासही ठेवू नये. रूमी म्हणजे ऑटोमन मुलखातला माणूस. रूम म्हणजे रोम, पूर्वेकडचे रोमन साम्राज्य. बाल्कनला तुर्क 'रुमेली'च म्हणत. (आमच्या रोमी कोंकणीतला रोमी आणि हा रूमी, दोघांचे मूळ गाव एकच!) हे लोक गुजरातच्या सुलतानांच्या पदरी तोफखान्यात आणि आरमारात मोठ्या संख्येने होते. 1510 मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा घेतले तेव्हा इथेही होते.

तापीकाठचा सुरतेचा किल्ला 1540 च्या दशकात सुलतान महमूद तिसरा याच्या हुकमाने खुदावंतखानाने बांधला. हा खुदावंतखान म्हणजे ख्वाजा सफर, असे बहुतेक अभ्यासक धरतात. पोर्तुगीज बखरींतला 'कोजे सोफार' तो हाच. त्याला कुणी इटालियन म्हणतात, कुणी आल्बेनियन. म्हणजे किल्लेदाराचे मूळ ठरवतानाच एवढा वाद, मग त्याच्या काळातल्या चाकूचे काय बोलावे? 1546 च्या दिवच्या वेढ्यात तो तोफेच्या गोळ्याने मेला. वेढा मोडून काढणाऱ्या जुवांव द काश्त्रूने दिवचा कोट पुन्हा उभारायला गोव्याच्या नगरसभेकडे दाढीचे केस तारण पाठवून कर्ज मागितले, ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. समोरच्या बाजूला कोण होता, हे मात्र क्वचितच कुणाला सांगता येते. विजेत्याच्या दाढीची कथा राहिली आणि सुरतेचा किल्ला बांधणारा केवळ 'दगाबाज मूर' म्हणून उरला, हे मला तरी खटकते.

तरीसुद्धा चाकू रूमींनी सुरतेत उतरवला असे मी म्हणणार नाही. शब्द आला तो दरबारी आणि दफ्तरी फारसीतून, आणि त्याला बंदराची गरज नव्हती. शिवाय सुरत हे इतके मोठे बंदर की तिथे वस्तू सापडल्याने तिच्या जन्मगावाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. युरोपातली पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरत, त्यांना इथल्या मुठी बसत आणि त्या तलवारींचे नावच 'फिरंग' पडे. पाते एकीकडचे, मूठ दुसरीकडची, नाव तिसऱ्याचेच! 1573 मध्ये अकबराने सुरत घेतली तेव्हा तिथे 'सुलेमानी' तोफा होत्या. 1538 च्या ऑटोमन मोहिमेतून मागे राहिलेल्या त्या तोफा. एवढ्या अवजड तोफा मागे राहतात, मग खिशातल्या चाकवांची नोंद कोण ठेवणार?

1554 मध्ये ऑटोमन दर्यासारंग सीदी अली रईस वादळांनी आणि पोर्तुगीजांनी खिळखिळी केलेली गलबते घेऊन सुरतेला आला. गलबते तिथेच सोडून तो मोजक्या माणसांनिशी खुष्कीच्या मार्गाने निघाला आणि 1557 मध्ये तुर्कस्तानात पोचला. त्याचे बाकीचे पुष्कळ खलाशी आणि शिपाई मात्र गुजरातेतच चाकरीला राहिले.