झोकांड्यांमागचा आजार ओळखणारे डॉ. नोशीर वाडिया

खुलताबादसारख्या तालुक्याच्या गावात तिशी-पस्तिशीतला माणूस चालताना झोकांड्या खाऊ लागला, बोलताना त्याची जीभ जड झाली, की लोक पटकन म्हणतात, ‘हा प्यायला लागला.’ ज्या घरात दारू हराम, तिथे हा आळ आजारापेक्षा जड जातो. कुणी ‘बाहेरचं काहीतरी झालंय’ म्हणतं. पण तोल जाणं, हाताचा नेम चुकणं, शब्द ओढत बोलणं या सगळ्यामागे लहान मेंदू हळूहळू झिजवणारा आनुवंशिक आजार असू शकतो. अशाच एका आजाराची ओळख मुंबईतल्या एका डॉक्टरने जगाला करून दिली. त्यांचं नाव डॉ. नोशीर वाडिया.

कोण होते डॉ. वाडिया?

पारशी कुटुंबातल्या वाडियांचा जन्म १९२५ मध्ये सुरतेत झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले आणि लंडनमध्ये न्यूरोलॉजी शिकले. परत येऊन त्यांनी जे. जे. रुग्णालयात न्यूरोलॉजी विभाग उभा केला. पुढे जसलोक रुग्णालयात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २०१६ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

नजरेने दिलेली खूण

आपण एका वस्तूवरून दुसरीवर क्षणात नजर नेतो. तोल जाणाऱ्या काही रुग्णांची नजर मात्र फार सावकाश सरकते, हे वाडियांच्या लक्षात आलं. त्यांनी रुग्णांच्या घरच्यांनाही तपासलं, पिढ्यांचा हिशेब मांडला. १९७१ मध्ये त्यांनी सहकारी डॉ. स्वामी यांच्यासोबत ‘ब्रेन’ या नामांकित नियतकालिकात अशा नऊ कुटुंबांची माहिती छापली. हा आजाराचा वेगळाच प्रकार आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

तेव्हा जीनची तपासणी नव्हती. हा जीन १९९६ मध्ये सापडला. तो १२ व्या गुणसूत्रावर आहे. त्यात ‘सीएजी’ ही तीन अक्षरं ओळीने येतात, साधारणपणे २२ वेळा. ती ३३ किंवा त्याहून जास्त वेळा आली की आजार होतो. या आजाराला आता ‘एससीए-२’ म्हणतात. क्यूबातल्या होल्गिन प्रांतात त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. १९९८ मध्ये, सत्तरी ओलांडलेल्या वाडियांनी सहा भारतीय कुटुंबांची जीन-तपासणी मांडली आणि मंद नजरेची खूण किती मोलाची आहे हे पुन्हा दाखवलं.

नात्यातल्या लग्नामुळे होतो का?

आपल्याकडे हा प्रश्न हमखास येतो. एससीए-२ साठी उत्तर ‘नाही’ असं आहे. आई किंवा वडील, कुणा एकाकडून सदोष जीन आला तरी पुरतं. प्रत्येक मुलाला, मग तो मुलगा असो वा मुलगी, धोका ५० टक्के. त्यामुळे सुनेला किंवा चुलत-मामेभावंडांच्या निकाहाला दोष देण्यात अर्थ नाही.

विल्सन्स डिसीजचं मात्र वेगळं आहे. डॉ. दारब दस्तूर यांच्यासोबत वाडियांनी भारतातल्या या आजाराचाही अभ्यास केला होता. यात यकृतात आणि मेंदूत तांबं साठतं. हात थरथरतात, बोलणं बिघडतं. इथे आईवडील दोघांकडून सदोष जीन यावा लागतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला धोका २५ टक्के. जवळच्या नात्यातल्या लग्नात ही शक्यता वाढते.

तपासणी का करायची?

कारण दोन्ही आजार वरवर सारखे दिसले तरी पुढची वाट वेगळी आहे. विल्सन्सवर औषध आहे. ते वेळेत सुरू करून आयुष्यभर घेतलं तर माणूस चांगलं जगू शकतो. सख्ख्या भावंडांचीही तपासणी करावी लागते, लक्षणं नसली तरी. एससीए-२ पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. पण नियमित व्यायाम, फिजिओथेरपी आणि पडू नये म्हणून घेतलेली काळजी यांचा उपयोग होतो.

खुलताबादकरांनी अशी लक्षणं दिसताच छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयात दाखवावं आणि न्यूरोलॉजिस्टचा सल्ला घ्यावा. जाताना घरात आणखी कुणाला असा त्रास होता, तो कितव्या वर्षी सुरू झाला, हे लिहून न्यावं. निरोगी माणसाने जीन-तपासणी करायची तर आधी समुपदेशन घ्यावं. लहान मुलांची एससीए-२ साठी तपासणी घाईने करू नये.

दर्ग्यात दुआ जरूर मागावी. सोबत दवाही घ्यावी. आणि झोकांडी खाणाऱ्याला दारुडा ठरवण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्यावं.