माळावरची आमरी

मृगाचे चार पाऊस पडून गेले की इगतपुरी-त्र्यंबकच्या माळांवर गवताच्या कोंबांबरोबर आणखी एक झाड डोके वर काढते. झाड कसले, जमिनीला चिकटलेले एकच गोल पान, मधून वीतभर दांडा आणि वर दोन-तीन पांढरीशुभ्र फुले. आमरी म्हटले की झाडाच्या फांदीवर वाढणारी आठवते. ही मात्र मातीत कंद करून राहते.

१८६१ साली डाल्झेल व गिब्सन यांनी ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ छापला. गिब्सन पेशाने डॉक्टर, दापोडीची सरकारी बाग सांभाळीत. १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांनी हिला ‘हॅबेनेरिया ग्रँडिफ्लोरा’, म्हणजे मोठ्या फुलाची, म्हटले. पण ते नाव आधीच दुसऱ्या वनस्पतीला दिलेले होते. शास्त्राच्या नियमाने पहिलीचा हक्क राहतो. म्हणून १९३२ साली मुंबईचे फादर ब्लॅटर व मॅक्कॅन यांनी ‘ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस’ असे नवे नाव दिले. गुरुजींनी ते मुलांकडून पाठ करून घेऊ नये!

फुलामागे शेपटीसारखी लांब नळी असते, तीत मध. अशी पांढरी, लांब नळीची फुले बहुधा लांब सोंडेच्या, रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी असतात. बी मात्र धुळीसारखे. ज्वारीच्या दाण्यात कोंबाची शिदोरी भरलेली असते, हिच्या बियात काहीच नाही. मातीतल्या बुरशीने पोसले तरच ते रुजते.

पुस्तकवाल्यांनी नाव दिले. टिकवली ती कुरण राखणाऱ्यांनी, असे मला वाटते. राखलेले गवत पावसाळाभर बंद, कापणी दसरा-दिवाळीला. तोवर हिचे पान वाळून कंद जमिनीखाली झोपलेला असतो, विळ्याची बाधा नाही. उलट गवत कधीच कापले नाही, तर झुडपे माजून हे बुटके झाड सावलीत गुदमरते. नांगर आणि सपाटीकरणाचे यंत्र मात्र कंद व बुरशी दोन्ही उलथून टाकतात. माळ म्हणजे पडीक जमीन, असे म्हणत आपण तिचे प्लॉट पाडतो आहोत.

शिक्षकांनी जूनअखेर वर्ग माळावर न्यावा. झाड उपटू नये. काठीने एक चौकोन आखून त्यातली पाने मोजावीत, तारखेसह वहीत लिहावीत. पुढच्या मृगात तिथेच पुन्हा मोजता येतील, कारण जुन्या कंदाशेजारीच नवा कंद धरतो.