चार रंगांची अट

२०२५ च्या एप्रिलमध्ये ब्राझीलमध्ये एका जर्सीवरून मोठा गदारोळ उठला. ही जर्सी कुणी घातलेली नव्हती, महासंघाने जाहीरही केलेली नव्हती. फक्त बातमी फुटली होती की २०२६ च्या विश्वचषकात राष्ट्रीय संघाची दुसरी जर्सी नेहमीची निळी नसेल, लाल असेल. तेवढ्यावर राजकारणी, माजी खेळाडू, समालोचक सगळे तुटून पडले. पिढ्यान्‌पिढ्या ब्राझीलचे सामने ज्यांच्या आवाजात ऐकले गेले त्या गाल्वाओ बुएनोंनी याला गुन्हा म्हटलं. लाल हा राष्ट्राध्यक्ष लुला यांच्या कामगार पक्षाचा रंग, त्यामुळे खेळाच्या कपड्यात राजकारण घुसवलं जातंय, असा आरोप झाला. महासंघाने खुलासा केला की ती चित्रं अधिकृत नाहीत. पुढे निवडून आलेले महासंघाचे अध्यक्ष सामिर शाऊद यांनी लाल जर्सीचा बेत आपणच थांबवल्याचं सांगितलं. राष्ट्रध्वजात जे रंग आहेत तेच जर्सीवर राहतील, ही त्यांची भूमिका.

मी कोल्हापूरचा, शाळेत चित्रकला शिकवण्यात हयात गेली. आमच्या गावात फुटबॉल म्हणजे पेठांचा अभिमान. विश्वचषक आला की कुठल्या गल्लीवर ब्राझीलचा झेंडा आणि कुठल्या गल्लीवर अर्जेंटिनाचा, यावरून मित्रामित्रांत अबोला धरला जातो. त्यामुळे ही बातमी मी परक्या देशाची म्हणून वाचली नाही. वादात एक वाक्य मात्र पुन्हा पुन्हा येत होतं, पिवळी जर्सी ही ब्राझीलची परंपरा आहे, आणि ते मला स्वस्थ बसू देईना. परंपरा आहे, मान्य. पण ती कुठून आली, कुणी घडवली, हे फार थोडे सांगतात. १९५४ पूर्वी ब्राझीलचा संघ पांढऱ्या जर्सीत खेळत होता. आणि १९१७ च्या दक्षिण अमेरिकी स्पर्धेत, समोरच्या संघाचाही रंग तोच आला म्हणून, याच संघाने लाल जर्सी घातली होती. तेव्हा देश बुडाला नाही.

ज्या ध्वजाची साक्ष काढली जाते त्याचीही गोष्ट सरळ नाही. हिरवं म्हणजे जंगल आणि पिवळं म्हणजे सोनं, असं तिथल्या मुलांना शिकवलं जातं. प्रत्यक्षात १८२२ साली ब्राझील स्वतंत्र साम्राज्य झालं तेव्हा हिरवा रंग आला तो सम्राट पेद्रो पहिला याच्या ब्रागांझा घराण्याचा, आणि पिवळा आला तो त्याची ऑस्ट्रियन पत्नी लिओपोल्दिना हिच्या हाब्सबर्ग घराण्याचा. १८८९ मध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं. नव्या सरकारने राजचिन्ह काढून तिथे निळा आकाशगोल आणि पांढरी पट्टी बसवली, पण घराण्यांचे रंग तसेच ठेवले. अर्थ तेवढा नवा लावला. हे ध्यानात ठेवलं म्हणजे पुढचं सगळं नीट कळतं.

१६ जुलै १९५०. रिओचं मारकाना मैदान नवंकोरं. विश्वचषकाचा शेवटचा सामना उरुग्वेशी, आणि ब्राझीलला बरोबरीही पुरणार होती. तिकिटं काढून आलेल्यांचाच अधिकृत आकडा १,७३,८५०, आणि प्रत्यक्षात गर्दी दोन लाखांच्या आसपास होती असं मानलं जातं. उत्तरार्ध सुरू होताच फ्रियासाने गोल केला. मग शियाफिनोने बरोबरी साधली आणि ७९ व्या मिनिटाला घिज्जाने उजवीकडून घुसून गोलरक्षक बार्बोझाच्या डाव्या बाजूने चेंडू आत घातला. उरुग्वे २, ब्राझील १.

त्यानंतर जे झालं ते मला पराभवापेक्षा जास्त लागतं. दोष कुणाच्या तरी माथी मारायचा होता. तो बार्बोझा, बिगोदे आणि जुव्हेनाल या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंच्या माथी मारला गेला. बार्बोझा २००० साली वारला, तोवर त्या एका गोलाने त्याची पाठ सोडली नाही. दुसरा दोष लागला कपड्याला. निळ्या कॉलरची ती पांढरी जर्सी अपशकुनी ठरली. लोक म्हणू लागले की तिच्यात देश दिसतच नाही. खेळाडूंवर झाला तो अन्याय होता. कपड्याबद्दलची तक्रार मात्र, रागाच्या भरात का होईना, विचार करण्याजोगी होती.

१९५३ मध्ये रिओच्या ‘कोरेयो दा मान्या’ या वर्तमानपत्राने या तक्रारीला वाट काढून दिली. तेव्हाच्या क्रीडा महासंघाच्या संमतीने त्यांनी नव्या पोशाखासाठी खुली स्पर्धा जाहीर केली. भाग कुणीही घ्यावा, अट एकच: राष्ट्रध्वजातले हिरवा, पिवळा, निळा आणि पांढरा हे चारही रंग वापरायचे. हा पोशाख १९५४ च्या विश्वचषकात वापरायचा होता, आणि तो अगदी तोंडावर आला होता.

चित्रकला शिकवणाऱ्याला ही अट किती अवघड आहे ते लगेच कळतं. दोन रंग जुळवता येतात, तीन सांभाळून घेता येतात. चार रंग, त्यातले तीन भडक, एका अंगावर आणायचे म्हणजे नजर कुठे ठरावी हेच कळेनासं होतं. मी स्वतः पोस्टर कलरने हा खेळ करून पाहिला आहे. सगळ्यांना सारखी जागा दिली की जत्रेतली झूल होते. एकाला मोठं केलं की बाकीचे चिंध्यांसारखे लोंबतात.

देशाच्या अगदी दक्षिण टोकाला, उरुग्वेच्या सीमेवर, जाग्वाराव नावाचं गाव आहे. मध्ये नदी, नदीवर पूल, पलीकडे उरुग्वेचं रिओ ब्रांको. आल्दिर गार्सिया श्ली या गावचा. एकोणीस वर्षांचा हा मुलगा पेलोतास शहरातल्या वर्तमानपत्रासाठी चित्रं काढायचा. सीमेवरच्या मुलांचं जसं होतं तसं त्याचं झालं होतं: अलीकडचं आणि पलीकडचं दोन्ही त्याचं होतं. १९५० च्या त्या दिवशी तो पंधरा वर्षांचा होता आणि पलीकडच्या गावात सिनेमा बघत बसला होता. चित्रपट मध्येच थांबवून उरुग्वे जगज्जेता झाल्याची घोषणा करण्यात आली, अशी आठवण त्याने पुढे सांगितली. आणि फुटबॉलमध्ये त्याचं मन कायम उरुग्वेकडे राहिलं, हेही त्याने कधी लपवलं नाही.

श्लीने शंभराहून जास्त आराखडे काढले. पट्टे करून झाले, तिरके छेद करून झाले. त्याला दोन गोष्टी सापडल्या. एक, पिवळा आणि पांढरा शेजारी ठेवला की ती व्हॅटिकनच्या झेंड्याची जोडी होते, पोपची आठवण येते, ब्राझीलची नाही. दुसरी, निळा आणि पांढरा एकमेकांना छान धरून राहतात. मग त्याने चौघांच्या दोन जोड्या केल्या. वर पिवळी जर्सी, तिच्या कॉलरला आणि बाह्यांना हिरवी किनार. खाली निळी हाफ पँट, तिला पांढरी पट्टी. मोजे पांढरे. झालं.

हे ‘झालं’ म्हणायला सोपं आहे. पण बघा, त्याने ध्वज अंगावर चिकटवला नाही. ध्वजावर सर्वांत जास्त जागा हिरव्याची आहे आणि पिवळा त्याच्या आत बसतो. श्लीने ते उलटं केलं: पिवळ्याला सगळं अंग दिलं आणि हिरव्याला किनारीवर आणलं. हिरव्या मैदानावर हिरवी जर्सी विरून गेली असती, पिवळी लांबच्या बाकावरूनही उठून दिसते. दोनशेहून जास्त चित्रांतून त्याचं चित्र निवडलं गेलं. माझ्या मते विसाव्या शतकात खेळासाठी झालेलं याहून चांगलं रेखांकन दुसरं नाही.

मार्च १९५४ मध्ये मारकानावर चिलीविरुद्ध संघ पिवळ्यात उतरला. त्या वर्षी विश्वचषकात हंगेरीने ब्राझीलला ४-२ ने घरी पाठवलं. म्हणजे नवा कपडा आला आणि नशीब फिरलं, असं काही झालं नाही. आणि १९५८ मध्ये, स्टॉकहोमजवळच्या सोल्ना इथे अंतिम सामन्याला ब्राझील पोचला तेव्हा समोर यजमान स्वीडन, त्यांची जर्सीही पिवळीच. चिठ्ठीचा कौल स्वीडनच्या बाजूने गेला. ब्राझीलकडे दुसरा संचच नव्हता. पांढरी घालायला कुणी धजेना, १९५० ची जखम ओली होती. शेवटी स्टॉकहोमच्या बाजारातून निळ्या जर्सी विकत आणल्या गेल्या आणि पिवळ्या जर्सीवरची बोधचिन्हं उसवून त्यांच्यावर शिवली गेली. पथकाचे प्रमुख पाउलो माशादो दे कार्वाल्यो यांनी खेळाडूंना सांगितलं की निळा हा आपल्या अपारेसिदा मातेच्या शालीचा रंग आहे, ती आपल्या पाठीशी आहे. ब्राझीलने ५-२ ने सामना जिंकला. सतरा वर्षांच्या पेलेने त्यात दोन गोल केले. ब्राझीलचा पहिला विश्वचषक दुकानातून आणलेल्या निळ्या जर्सीत आला, ही गोष्ट पिवळ्याचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी.

पिवळ्याचं साऱ्या जगावर गारूड झालं ते १९७० मध्ये. मेक्सिकोतली ती स्पर्धा अनेक देशांत पहिल्यांदाच रंगीत दूरचित्रवाणीवर दिसली. त्याच वेळी ब्राझीलमध्ये जनरल मेदिसींची लष्करी राजवट होती, लोकांचा छळ चालला होता, आणि विजयी संघाशेजारी उभं राहून राजवट स्वतःची प्रतिमा उजळून घेत होती. संघ घडवणारे प्रशिक्षक जुवाओ साल्दान्या कम्युनिस्ट होते. स्पर्धेच्या तोंडावर त्यांना काढून झागालोंना आणलं गेलं होतं. आणि श्ली? तो पुढे प्राध्यापक झाला, कथाकार झाला. १९६४ च्या लष्करी उठावानंतर त्याची नोकरी गेली, तुरुंगही वाट्याला आला. ज्याने जर्सी काढली त्याला ज्या राजवटीने कोंडलं, तीच राजवट त्याची जर्सी मिरवत होती. हे वाचून माझ्यातला चित्रकार आजही संतापतो.

मात्र तो रंग कायम सत्तेच्याच अंगावर राहिला असं नाही. १९८४ मध्ये थेट निवडणुकीची मागणी करत लाखो लोक रस्त्यावर आले तेव्हा त्या चळवळीचा रंग पिवळा होता. साओ पाउलोच्या सभेत संघाचा कप्तान सॉक्रेटिस उभा राहिला आणि थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती मंजूर झाली तर इटलीला खेळायला जाणार नाही, असं त्याने सांगितलं. दुरुस्ती मंजूर झाली नाही, तो गेला. १९९२ मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपांनी घेरलेल्या राष्ट्राध्यक्ष कोलोर यांनी जनतेला आवाहन केलं की येत्या रविवारी राष्ट्रीय रंग घालून माझ्या बाजूने बाहेर पडा. लोक बाहेर पडले, पण काळे कपडे घालून. काही महिन्यांत कोलोर यांना पद सोडावं लागलं.

अलीकडचं वाचकांना आठवत असेल. २०१५-१६ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष दिल्मा रूसेफ यांच्याविरुद्धच्या मोर्चांत साओ पाउलोचा पाउलिस्ता रस्ता पिवळ्या जर्सींनी भरून गेला. नंतर ती जर्सी उजव्या विचारांचे नेते बोल्सोनारो यांच्या समर्थकांची ओळख बनली. ८ जानेवारी २०२३ ला ब्राझिलियात संसद, सर्वोच्च न्यायालय आणि राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाची मोडतोड करणाऱ्या जमावातले कितीतरी जण तीच घालून आले होते. महासंघाला निषेधाचं निवेदन काढावं लागलं. दुसऱ्या बाजूच्या अनेकांनी आपली जर्सी कपाटात टाकली. काहींनी पुन्हा पांढरी आणा अशीही मागणी केली. २०१९ च्या कोपा अमेरिकेत, १९१९ च्या विजेतेपदाच्या शताब्दीनिमित्त, संघ एका सामन्यापुरता पांढऱ्यात खेळलाही.

आपल्याकडे असे वाद झालेले नाहीत असं नाही. सचिन तेंडुलकरच्या हेल्मेटवरचा तिरंगा नियमात बसतो का, यावर चर्चा झाली. २००५ मध्ये नियम बदलून गणवेशावर कमरेच्या वर राष्ट्रध्वज वापरायला मुभा मिळाली. २०१९ मध्ये बर्मिंगहॅमला यजमान इंग्लंडचीही जर्सी निळी, म्हणून भारताला नारिंगी घालावी लागली. अडचण नेमकी १९५८ च्या ब्राझीलचीच होती. पण इथे आमदार अबू आझमींनी भगवेकरणाचा आरोप केला आणि त्यावर दिवसभर चर्चा झडली.

लाल जर्सी रद्द झाली, ते मला बरोबर वाटतं, पण त्याचं कारण वेगळं आहे. लाल रंगात देशद्रोह नाही. ज्या झाडावरून त्या देशाला नाव मिळालं त्याच्या लाकडातून लालच रंग निघतो. पण १९५३ मध्ये लोकांपुढे अट मांडली गेली, लोकांनी चित्रं पाठवली आणि त्यातून एक निवडलं गेलं. हा पोशाख बदलायचा असेल तर तो तशाच खुल्या मार्गाने बदलावा, बूट आणि कपडे विकणाऱ्या कंपनीच्या बैठकीत नव्हे. आणि पिवळी जर्सी कपाटात ठेवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की ती बाहेर काढा, घाला. ती कुणा एका पक्षाने शिवलेली नाही. श्ली १५ नोव्हेंबर २०१८ ला वारला. दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये ब्राझील आणि उरुग्वे, त्याचे दोन्ही देश, एकमेकांशी खेळले.

माझ्या पेशातल्या शिक्षकांना एक विनंती आहे. विश्वचषक येईल तेव्हा चित्रकलेच्या एका तासाला मुलांना हा प्रश्न द्या. गोष्ट आधी सांगू नका, फक्त अट सांगा: हिरवा, पिवळा, निळा, पांढरा, चारही वापरायचे, एकही गाळायचा नाही. चित्रं भिंतीवर लावून झाली की मग त्यांना जाग्वारावच्या त्या मुलाचं नाव सांगा.