कसबे आणि मौजे

निफाड तालुक्यात सुकेणे नावाची दोन गावं आहेत, कसबे सुकेणे आणि मौजे सुकेणे. सांगलीजवळ कृष्णाकाठी तसंच कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज. खुर्द-बुद्रुक हे फारसी शब्द नुसतं धाकटं-थोरलं सांगतात. कसबे-मौजे मात्र गावाचा जुना दर्जा सांगतात.

दोन्ही शब्द मूळचे अरबी. मौजा म्हणजे ठिकाण, आपल्याकडे कुणब्यांचं खेडं. तिथे पाटील-कुलकर्णी असत, पेठ नसे. कसबा म्हणजे परगण्याचं मुख्य गाव, आठवडी बाजाराचं. अल्जीयर्समधला जुना कसबा याच शब्दाचा, पण तिकडे त्यात किल्ला येतो आणि आपल्याकडे बाजार. पेठ वसवायची, नवा वाणी-उदमी आणून बसवायचा, बाजाराचे हक्क सांभाळायचे, ही कामं शेटे आणि महाजन या वतनदारांची. आज ती आडनावं झाली आहेत.

कसबी कारागिरांचं गाव तो कसबा, असं पुष्कळदा सांगितलं जातं. साळी, तांबट, रंगारी यांची घरं कसब्यात असायचीच, त्यामुळे ते पटतंही. पण अरबीत 'कसबा' आणि 'कसब' यांतले क वेगळे आणि स-ही वेगळे. मराठीत त्या दोन्ही जोड्यांना एकच क आणि एकच स, म्हणून हे शब्द भावंडं वाटू लागले.

कसब्याचा खरा स्वभाव मला देण्याघेण्यात दिसतो. सुतार-लोहाराला वर्षभराच्या कामाचं बलुतं खळ्यावर धान्यात मिळे, ते कसब्यातही चाले. त्याच गावच्या पेठेत मात्र मीठ, कापड, तांब्याचं भांडं रोकड मोजून घ्यावं लागे. एका वेशीच्या आत दोन्ही व्यवहार नांदले आणि बाजाराचं गाव होऊनही शेती सुटली नाही. कसबे सुकेण्याभोवती आजही द्राक्ष-कांदा आहे, डिग्रजला ऊस-हळद. पुणंही एके काळी असाच कसबा होतं. कसबा पेठ हे नाव त्यातूनच उरलं.

सरकारी कागदावर आता सरसकट प्रत्येक गावामागे 'मौजे' लागतं आणि बोलताना आपण 'कसबे' गाळून टाकतो. ज्यांच्या गावाला हा शब्द आहे त्यांनी तो पाटीवर पूर्ण लिहावा आणि आपल्याकडे शेटे-महाजन कोणत्या घराण्यात होते, हे जुन्या माणसांना आत्ताच विचारून घ्यावं.