एल फारो : झाकण लागलं होतं का?

२९ सप्टेंबर २०१५, रात्र. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल बंदरातून 'एल फारो' निघाली, पोर्तो रिकोतल्या सान हुआनला. जहाज १९७५ सालचं. डेकवर कंटेनर, पोटात ट्रेलर आणि मोटारी, माणसं ३३. पुढे बहामाच्या बेटांजवळ होआकिन हे वादळ जोर धरत होतं.

३० सप्टेंबर, रात्री ११ नंतर. थर्ड मेट या अधिकाऱ्याने कप्तानाच्या केबिनमध्ये फोन करून वादळाची ताजी खबर दिली. मध्यरात्र उलटल्यावर सेकंड मेटनेही फोन केला. दक्षिणेकडच्या वाटेने जाऊया, असं तिचं म्हणणं. कप्तानाने मार्ग बदलला नाही. तो ज्या हवामान-नकाशांवर विसंबला होता, ते तासन्‌तास शिळे होते.

१ ऑक्टोबर, पहाटे ४ नंतर. कप्तान ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, आला. वारा डावीकडून, त्यामुळे जहाज उजव्या अंगाला कललेलं.

५:४३. खालून फोन आला : तीन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे पोटातल्या मालाच्या खणात, पाणी आहे.

पाणी शिरत होतं ते दुसऱ्या डेकवर उजवीकडे उघड्या राहिलेल्या स्कटलमधून. स्कटल म्हणजे माणूस खाली उतरेल एवढंच भोक आणि त्यावर चाक फिरवून घट्ट करायचं झाकण. या डेकवर लाटा आत येऊन खेळतात, हे गृहीतच असतं; होल्ड कोरडा राहतो तो या झाकणांच्या जिवावर. असल्या झाकणांची परीक्षा बंदरात नेमाने होते. कडेला खडू लावून झाकण दाबतात आणि रबरावर रेघ अखंड उमटली का ते बघतात. किमान १२ मिलिमीटरच्या तोटीतून, फार तर दीड मीटरवरून, २ बार दाबाने पाण्याचा फवारा मारतात. हल्ली आत अल्ट्रासोनिक यंत्र ठेवून बाहेर आवाज झिरपतो का, तेही ऐकतात. पण या सगळ्या परीक्षा झाकण लावल्यावरच्या. आज रात्री ते लावलंय की नाही, हे सांगणारा एखादा दिवाही 'एल फारो'च्या ब्रिजवर नव्हता.

५:५४. कप्तानाने जहाज डावीकडे वळवलं. वारा उजव्या अंगावर घेतला की जहाज डावीकडे कलेल, उजवीकडचं स्कटल पाण्यावर येईल आणि बंद करता येईल, हा हिशेब. तो बरोबर ठरला, झाकण लागलं. पाणी मात्र वाढतच राहिलं, आणि कल आता डावीकडे.

६:१३. इंजिन थांबलं. वंगणाच्या टाकीतलं तेल ओढणारं नळीचं तोंड मध्यरेषेच्या उजवीकडे होतं. जहाज डावीकडे झुकलं तसं तेल त्या तोंडापासून सरकलं. त्यात तेलाची पातळीही हवी त्यापेक्षा कमी. एक झाकण बंद करायला केलेल्या वळणाने इंजिनच घालवलं. पूर्ण जोराच्या वादळात आता जहाज नुसतंच तरंगत होतं.

७ च्या सुमारास. कप्तानाने कंपनीला फोन लावला. आधी निरोपयंत्र, मग माणूस.

७:१७ च्या आसपास. दोन नंबरच्या होल्डमधलीही पाण्याची घंटा वाजली. तीन नंबरमध्ये मोटारी सुटून तरंगत होत्या. त्यांच्या धडकेने समुद्राचं पाणी आणणारा पाइप फुटला असावा, असा चीफ मेटचा अंदाज. शिवाय हवेचे झरोके! मोटारींच्या पेट्रोलची वाफ साचू नये म्हणून ते प्रवासात उघडे ठेवत. जहाज पुरेसं झुकलं की तीच पाण्याची वाट होते. त्यांना झडपा होत्या, पण त्या लावायला कुणी सांगितलं नाही. पाणी भरू लागल्यावर काय, कोणत्या क्रमाने बंद करायचं, याचा मंजूर आराखडाच जहाजावर नव्हता.

७:२७. इशाऱ्याची घंटा. दोन मिनिटांत जहाज सोडण्याचा हुकूम. लाइफबोटी जुन्या पद्धतीच्या, वरून उघड्या.

७:३९. ब्रिजवरच्या ध्वनिमुद्रणाचा शेवट. ३३ पैकी कुणीही वाचलं नाही.

ते मुद्रण ऑगस्ट २०१६ मध्ये साडेचार किलोमीटरहून खोल तळातून वर काढलं. अमेरिकी तपास मंडळाने मुख्य दोष कप्तानाच्या निर्णयांवर ठेवला, त्यापुढे कंपनीची ढिली देखरेख, उघडं स्कटल, फुटका पाइप आणि न लावलेल्या झडपा मांडल्या. शिफारशींतली एक अशी : समुद्रात बंदच राहायला हवं अशा प्रत्येक जलरोधक दाराची आणि झाकणाची उघड-मीट ब्रिजवर दिसली पाहिजे.